सार्वजनिक प्रदर्शनातील खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीसाठी मासे कसे निवडावेत?

संत्रानगरी_मत्स्यालय (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. नागपुरातील एका शैक्षणिक न्यासाच्या संग्रहालयात खाऱ्या पाण्याची एक मोठी टाकी उभारण्याचे ठरले असून तिच्यात कोणते मासे ठेवावेत हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे. टाकी ३ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि १ मीटर उंच आहे. खडक व वाळूची जागा वजा करता तिच्यात सुमारे ३,००० लिटर पाणी राहील. लांबीची एक बाजू आणि डावीकडचे टोक अशा दोन काचांमधून ती पाहता येईल. पाणी थंड ठेवणारा चिलर, पाण्यातील घाण फेसावाटे काढणारा प्रोटीन स्किमर आणि जनरेटर यांना मंजुरी मिळाली आहे. पाहणारे मुख्यतः शालेय सहलींतील विद्यार्थी असतील. त्यांतील बहुतेकांनी समुद्रच पाहिलेला नसतो आणि एकेक तुकडी टाकीपुढे पाच-सात मिनिटांपेक्षा अधिक थांबत नाही.

गोड्या पाण्याच्या टाक्यांचा मला चांगला अनुभव आहे, खाऱ्या पाण्याचा मात्र नाही. पुरवठादाराने पुढील यादी दिली आहे: क्लाऊनफिशची एक जोडी, पाच निळे टँग, दोन पिवळे टँग, एक पावडर ब्ल्यू टँग, तीस हिरवे क्रोमिस, दोन मँडरिन, एक मूरिश आयडॉल, दोन क्लीनर रास, एक लायनफिश, चार समुद्रघोडे आणि त्यांच्यासोबत जिवंत प्रवाळ व जिवंत खडक. हे सर्व मासे प्रवाळांना अपाय न करणारे आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. ही यादी स्वीकारावी का, आणि नसल्यास निवडीची सुरुवात कोठून करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वेलांटी

आपण निवडीची सुरुवात माशांपासून करत आहात. माझ्या मते ती प्रवाळांपासून करावी लागेल, कारण त्या एका निर्णयावर बाकीची सारी यादी अवलंबून आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक रचणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातील पाइपफिश हेही २००१ पासून याच अधिनियमाच्या संरक्षणाखाली आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीतील प्राणी संग्रहालयाच्या दर्शनी दालनात, तेही शाळकरी मुलांसमोर, कागदपत्रांशिवाय मांडणे हे कायद्याच्या दृष्टीने जितके गंभीर तितकेच शिक्षणाच्या दृष्टीनेही विसंगत ठरेल. तथाकथित जिवंत खडक म्हणजे बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. तो समुद्रातून काढून आणलेला असेल तर तोही याच प्रश्नात अडकतो. आपल्या पुरवठादाराने या बाबींचा उल्लेखही केलेला नसेल, तर त्यांच्याकडून येणाऱ्या बाकीच्या माशांचा उगमही लेखी मागून घ्यावा. कायद्याबाबत शंका राहिल्यास राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घेणे सर्वांत सुरक्षित.

तेव्हा समुद्रघोडे, जिवंत प्रवाळ आणि समुद्रातील खडक हे तिन्ही यादीतून काढून टाकावेत. त्यांच्या जागी सिमेंट किंवा चिनी मातीचा सच्छिद्र कृत्रिम खडक आणि फायबर किंवा रेझिनची प्रवाळांची प्रतिरूपे वापरता येतात. असा खडक सुरुवातीला निर्जीव असतो, म्हणून माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे, म्हणजे नायट्रोजन-चक्र चालवणारे, जिवाणू त्याच्यावर वसेपर्यंत थांबावे लागते. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तेथेच टिकेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे आणि कधी त्याहूनही अधिक काळ, टाकीत एकही मासा सोडू नये.

यातून एक फायदाही होतो. प्रवाळांना अपाय न करणारे मासे ही अट जिवंत प्रवाळ असलेल्या घरगुती टाक्यांसाठी आहे. आपल्या टाकीत जिवंत प्रवाळ नसतील तर मोठे एंजलफिश आणि बॅनरफिश यांसारखे उठावदार मासे, जे प्रवाळ कुरतडतात म्हणून एरवी वर्ज्य मानले जातात, ते आपल्याला विचारात घेता येतील. मात्र केवळ प्रवाळांवरच जगणारे काही बटरफ्लायफिश असतात. ते कृत्रिम प्रवाळांच्या टाकीत उपाशी मरतात. पुरवठादार ‘बटरफ्लाय’ एवढेच लिहून देत असेल तर जात विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

काचेपलीकडे

वेलांटी यांच्याशी पूर्ण सहमत. एका सार्वजनिक मत्स्यालयाच्या देखभालीचे काम मी बराच काळ केले आहे, त्यामुळे उरलेल्या यादीविषयी सविस्तर लिहितो.

ज्याने ही यादी केली त्याने मासे आज दुकानातील पिशवीत किती सुंदर दिसतात एवढेच पाहिलेले दिसते. दर्शनी टाकीसाठी मासा निवडताना त्याचा प्रौढ आकार, तो दिवसभर उघड्यावर राहतो की कपारीत, तयार अन्न खातो की नाही आणि शेजाऱ्यांशी कसा वागतो, या गोष्टी आधी पाहाव्या लागतात, रंग त्यानंतर.

निळा टँग पिशवीत चार-पाच सेंटिमीटरचा असतो, पण पूर्ण वाढल्यावर तो ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला सतत पोहत राहण्याची सवय असते. आपल्या टाकीत पाच नव्हे, एकच ठेवावा. पावडर ब्ल्यू टँग दिसायला अप्रतिम. पण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला तो फार लवकर बळी पडतो आणि स्वतःच्या कुळातील इतरांशी कडाडून भांडतो, म्हणून नवख्या टाकीत तो नकोच. पिवळा टँग एक ठेवण्यास हरकत नाही. निळ्या व पिवळ्या टँगची शरीराची ठेवण वेगळी असल्यामुळे त्यांच्यात सहसा फारसे वैर होत नाही. दोन्ही जातींची बंदिवासात पैदास आता शक्य झाली आहे: पिवळ्या टँगची २०१५ मध्ये हवाईत आणि निळ्या टँगची २०१६ मध्ये फ्लोरिडात. पैदास केलेला मासा महाग पडतो, तरीही आधी त्याचीच चौकशी करावी.

मँडरिन जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा असतो आणि खडकाच्या तळाशी सूक्ष्म कवचधारी जीव टिपत हिंडतो. ३ मीटरच्या टाकीत तो पाच मिनिटांत एकाही मुलाला दिसणार नाही, आणि नव्या कृत्रिम खडकावर त्याचे खाद्यच नसल्यामुळे हळूहळू खंगत जाईल. मूरिश आयडॉल बंदिवासात क्वचितच तग धरतो. मोठमोठ्या मत्स्यालयांनाही तो जड जातो. क्लीनर रास इतर माशांच्या अंगावरील परजीवी खाऊन जगतो, त्यामुळे टाकीत त्याचीही उपासमारच होते. शिवाय प्रत्यक्ष प्रवाळखडकावर त्याची ही सेवा इतर माशांना लागत असते, तेव्हा त्याला तेथून उचलून आणण्यात दुहेरी नुकसान आहे. माशांच्या अंगाची सफाई होण्याचा प्रकार मुलांना दाखवायचाच असेल तर क्लीनर कोळंबी ठेवावी. तिच्या लाल पाठीवरील पांढरा पट्टा दुरूनही दिसतो, आणि ती तयार अन्नावर उत्तम जगते.

लायनफिशला दर्शक नेहमीच गर्दी करतात हे खरे. परंतु त्याच्या तोंडात मावेल तो प्रत्येक मासा त्याचे भक्ष्य असतो, आणि त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात. दर आठवड्याला टाकीत हात घालून काच पुसणारा कर्मचारी कोण आहे, त्याला या काट्यांची माहिती आहे का, याचा विचार यादी करणाऱ्याने केलेला नसतो. हवा असल्यास त्याच्यासाठी स्वतंत्र टाकी करावी.

हिरवे क्रोमिस थव्याने छान दिसतात, पण बंदिवासात त्यांच्यातील बलवान मासे दुबळ्यांना एकेक करून संपवतात आणि वर्षभरात तिसाचे चार-पाच उरतात. थवा हवा असेल तर मी अँथियस हे लहान मासे सुचवीन. त्यांचा नारिंगी-जांभळा थवा मधल्या व वरच्या पाण्यात दिवसभर उघड्यावर असतो. मात्र समुद्रात ते दिवसभर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, टिपत असतात, म्हणून त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे अन्न द्यावे लागते आणि सुट्टीच्या दिवसासाठी स्वयंचलित खाद्ययंत्र बसवावे लागते. न्यासाकडे ती तयारी नसेल तर अँथियस घेऊ नयेत.

क्लाऊनफिशबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण प्रत्येक मूल आधी तोच शोधणार. ३ मीटरच्या टाकीत एक जोडी एखादा कोपरा पकडून बसते आणि मुलांना सापडत नाही. पैदास केंद्रातून एकाच वयाची दहा-बारा पिल्ले एकदम आणून एकाच वेळी सोडल्यास ती पुष्कळदा गटाने राहतात. तरी ती वयात आल्यावर मारामारी दिसू लागली तर काहींना हलवण्याची तयारी ठेवावी. समुद्रात ते ज्याच्या आश्रयाने राहतात त्या समुद्रफुलाची (सी अॅनिमोन) त्यांना टाकीत गरज नसते, आणि समुद्रफूल जागा सोडून पंपाच्या तोंडात सापडले तर साऱ्या टाकीचे पाणी नासवते.

क्लाऊनफिश आणि अँथियस हे दोन्ही एकाच टाकीत असतील तर शिक्षकांना शिकवण्याजोगा एक सुंदर विषय आयताच मिळतो. क्लाऊनफिशच्या गटात सर्वांत मोठा मासा मादी असतो. ती गेली की तिचा जोडीदार नर मादी बनतो. अँथियसच्या थव्यात याच्या नेमके उलट घडते, म्हणजे नर गेला की सर्वांत वरचढ मादीच नर होते. एकाच काचेमागे हे दोन विरुद्ध क्रम शेजारी शेजारी दाखवता येणे हे कोणत्याही दुर्मीळ माशापेक्षा अधिक मोलाचे आहे, असे मला वाटते.

सिंधुसागर

मी मालवणजवळ राहतो आणि पाण्याखाली उतरण्याची मला सवय आहे. वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु नागपूरच्या मुलांना हवाई आणि इंडोनेशियाचे मासे दाखवताना आपल्याच राज्याच्या किनाऱ्यावर प्रवाळ आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे मासे आहेत हे त्यांना कधी कळणार, असा प्रश्न पडतो. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पाणी स्वच्छ असेल तेव्हा पिवळ्या पाठीवर काळे पट्टे मिरवणारे सार्जंट मेजर, काळे-पांढरे पट्टे आणि लांब शेंडी असलेले बॅनरफिश, हिरवानिळा मून रास आणि निळ्या वलयाचा एंजलफिश हे सारे मासे दिसतात.

या एंजलफिशची मी विशेष शिफारस करीन. त्याचे पिल्लू काळसर असते आणि त्याच्या अंगावर निळ्या-पांढऱ्या वक्र रेषा असतात. प्रौढ मासा सोनेरी-तपकिरी होतो, शेपटी पांढरी होते आणि कल्ल्याच्या वर निळे वलय उमटते. पिल्लाचे छायाचित्र टाकीशेजारी लावल्यास हे दोन्ही एकच मासे आहेत यावर मुलांचा विश्वास बसणार नाही. हा मासा ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो, म्हणून आपल्या टाकीत एकच पुरे. हेकरू, ज्याला आमच्याकडे गोब्रा म्हणतात, किंवा तांबोशी यांचा मोह मात्र टाळावा. दोन्ही मासे फार वाढतात आणि लहान मासे फस्त करतात. अभयारण्याच्या क्षेत्रातून काहीही पकडून आणू नये, हे वेगळे सांगायला नको.

वेलांटी

सिंधुसागर यांची कल्पना मला मनापासून आवडली, पण तिला एक मर्यादा आहे. त्यांनी सांगितलेले बहुतेक मासे पकडलेलेच मिळतील, पैदास केलेले नाहीत. पकडलेला मासा किनाऱ्यापासून नागपूरपर्यंत शेकडो किलोमीटर पिशवीतून येतो. त्याच्यावरचा ताण आणि त्याच्यासोबत येणारे परजीवी या दोन्हींचा भार पहिल्यांदाच खारे पाणी सांभाळणाऱ्या व्यक्तीवर पडतो. आग्नेय आशियातून येणाऱ्या माशांबाबत तर सायनाइड वापरून पकडण्याची जुनी समस्या आहे: असा मासा दुकानात धडधाकट दिसतो आणि काही आठवड्यांनी कारण न कळता मरतो.

याउलट क्लाऊनफिश आपल्या देशातच पैदास केलेले मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, आणि आपल्या राज्यातही ऐरोली येथे क्लाऊनफिशच्या पैदाशीचे काम झाले आहे. माझे मत असे की पहिल्या वर्षी टाकीचा कणा पैदास केलेल्या माशांचा असावा आणि कोकणचा एंजलफिश व बॅनरफिश यांचा विचार टाकी स्थिरावल्यावर करावा. मून रास मात्र मी गाळीन. तो क्लीनर कोळंबी खाऊन टाकील, आणि त्या दोघांपैकी मुलांसाठी कोळंबी अधिक शिकवणारी आहे.

संत्रानगरी_मत्स्यालय

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. पुरवठादाराची यादी मी मागे ठेवली असून नवी यादी अशी केली आहे: क्लाऊनफिशची दहा पिल्ले, अँथियसचा एक नर आणि सहा माद्या, पैदास केलेले बांगाई कार्डिनल, एक पिवळा टँग, एक निळा टँग, क्लीनर कोळंबी आणि दुसऱ्या वर्षी निळ्या वलयाचा एक एंजलफिश. खाद्ययंत्राला व्यवस्थापनाने होकार दिला आहे. डावीकडच्या टोकाच्या काचेजवळ, लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, काही वेगळे ठेवता येईल का? तसेच हे मासे कोणत्या क्रमाने सोडावेत, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात वीज गेल्यास सर्वांत आधी कशाची काळजी घ्यावी?

काचेपलीकडे

नवी यादी चांगली आहे. बांगाई कार्डिनल इंडोनेशियातील बांगाई बेटांपुरताच मर्यादित आणि संकटग्रस्त मासा आहे, त्यामुळे पैदास केलेलाच घेण्याचा आपला आग्रह योग्य आहे. दोन नर एकत्र आले तर भांडतात, म्हणून जमलेली जोडीच मागावी. या जातीचा नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि त्या काळात काही खात नाही. तो जेवत नाही म्हणून कर्मचाऱ्यांनी घाबरून जाऊ नये, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

टोकाच्या काचेजवळ वाळूचा थर थोडा जाड ठेवून तेथे गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबीची जोडी ठेवावी. कोळंबीची नजर अधू असते. ती बीळ खणत राहते, गोबी दाराशी पहारा देतो, आणि कोळंबी आपली एक मिशी सतत त्याच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसताच गोबीची शेपटी थरथरते आणि दोघेही आत जातात. मोठ्या टाकीत ही जोडी हवे तेथे बीळ करते, म्हणून काचेला लागूनच दोन-तीन सपाट दगड मांडून तिला तेथे बीळ करण्यास उद्युक्त करावे. यश मिळेलच असे नाही.

क्रमाविषयी सांगायचे तर बुजरे मासे आधी आणि हद्द सांभाळणारे शेवटी. प्रथम गोबी, कोळंबी आणि कार्डिनल, त्यानंतर अँथियस, मग क्लाऊनफिश आणि अगदी शेवटी दोन्ही टँग एकाच दिवशी. प्रत्येक गटानंतर दोन-तीन आठवडे थांबून अमोनिया मोजावा. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून सगळे मासे एकदम सोडण्याचा आग्रह व्यवस्थापनाकडून हमखास होतो. तो आताच लेखी नाकारून ठेवलेला बरा.

प्रत्येक मासा मुख्य टाकीत जाण्यापूर्वी स्वतंत्र, रिकाम्या तळाच्या टाकीत किमान चार ते सहा आठवडे ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध चालते, पण तेच औषध कोळंबीला मारते आणि खडकात शोषले जाते, त्यामुळे मुख्य टाकीत ते कधीच वापरता येणार नाही. रोग एकदा मुख्य टाकीत शिरला तर सर्व मासे बाहेर काढून ती सुमारे अडीच महिने माशांविना ठेवण्याची वेळ येते. प्रदर्शनाच्या टाकीसाठी याचा अर्थ काय होतो, हे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांना सांगितले की विलगीकरणाच्या टाकीचा खर्च त्यांना जास्त वाटत नाही.

वीज गेल्यावर पहिली टंचाई प्राणवायूची होते, तापमानाची त्यानंतर. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. म्हणून जनरेटर सुरू होईपर्यंत पाणी ढवळत राहील असे बॅटरीवरचे दोन हवापंप कायम जोडलेले असावेत. पाण्याचे तापमान २५ ते २७ अंशांदरम्यान राहील असा चिलर घेताना दालनातील वातानुकूलन रात्री बंद असते हे गृहीत धरून त्याची क्षमता काढावी. खारेपण दर हजारी ३५ ठेवायचे म्हटले तर ३,००० लिटरला पहिल्या भरणीसच सुमारे १०५ किलो मीठ लागेल, आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलल्यास साडेदहा किलो. त्यासाठीचे पाणी आरओचेच हवे, आणि ३०० लिटरची साठवण टाकीमागच्या खोलीत आताच आखून घ्यावी.

सिंधुसागर

एक राहिले. टाकीवर बारीक जाळीचे झाकण हवेच, कारण अँथियस घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो. आणि सहलीतील मुले काचेवर टकटक करणारच. काचेपासून अर्धा मीटर अंतरावर कठडा बसवल्यास हात पोहोचत नाहीत, आणि मागे उभ्या असलेल्यांनाही टाकी दिसते.